अ‍ॅप फुकट असेल, तर किमतीच्या जागी काय लिहायचं?

प्ले स्टोअरवर कुठल्याही फुकट अ‍ॅपचं पान उघडून नीट बघा. वर अ‍ॅपचं नाव, त्याखाली ते बनवणाऱ्याचं नाव. त्याखाली बारीक अक्षरांत, जाहिराती असतील तर तसं आणि अ‍ॅपच्या आत खरेदी असेल तर तसं. मग तारे, डाउनलोडचा आकडा, वयोगट. आणि या सगळ्याखाली ठसठशीत 'इन्स्टॉल'चं बटण. यात 'मोफत' हा शब्द कुठेच नाही. अ‍ॅप विकत घ्यायचं असतं तर त्याच बटणावर रुपयांचा आकडा आला असता. आकडा नाही म्हणजे पैसे लागणार नाहीत, हे आपलं आपण समजायचं.

ही मांडणी सहज झालेली नाही. त्या बोटभर जागेत काय लिहायचं यावरून गेल्या पंधराएक वर्षांत अमेरिकेत कोर्टकचेऱ्या झाल्या, ग्राहकांना कोट्यवधी डॉलर परत करावे लागले, युरोपात सरकारी यंत्रणांना मध्ये पडावं लागलं आणि आपल्याकडेही नियम निघाले. शून्य ही सांगायला सगळ्यात सोपी किंमत वाटते. सॉफ्टवेअरच्या दुकानात मात्र तीच सगळ्यात अवघड ठरली आहे.

आधी ती पाटी खरी होती

अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर १० जुलै २००८ रोजी उघडलं, तेव्हा त्यात सुमारे ५०० अ‍ॅप्स होती. तिथे किंमत आणि बटण वेगळं नव्हतंच. बटणावरच एकतर 'फ्री' लिहिलेलं असे, नाहीतर रक्कम. ते एकदा दाबलं की बटणाचा रंग आणि मजकूर बदलायचा: विकतचं असेल तर 'विकत घ्या', फुकट असेल तर 'इन्स्टॉल'. दुसऱ्यांदा दाबल्यावरच काम पुढे सरकायचं. मला ही रचना आजही आवडते. पहिल्या दाबण्यात काही बिघडत नव्हतं. आधी किंमत दिसायची, मग काय होणार ते दिसायचं, आणि त्यानंतरच होकार मोजला जायचा.

शिवाय त्या काळात 'फ्री' ही पाटी खरी होती. फुकट अ‍ॅपला आतून पैसे मागायची सोयच नव्हती. ती सोय २००९ साली आली. आधी फक्त विकतच्या अ‍ॅप्सना मिळाली आणि ऑक्टोबर २००९ पासून फुकट अ‍ॅप्सनाही. त्या दिवसापासून पाटीचा अर्थ बदलला. पाटी मात्र बरीच वर्षं तशीच राहिली. 'फ्री'चा अर्थ आता 'आत यायला पैसे नाहीत' एवढाच उरला होता. आत गेल्यावर काय, याबद्दल ती काहीच बोलत नव्हती.

याचा फायदा सगळ्यात आधी खेळांनी उठवला. खेळ फुकट, पण आतली नाणी, हिरे, जादा जीव विकत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, अ‍ॅपलवर जी तक्रार मांडली तिच्यात अशा एकेका वस्तूची किंमत ९९ सेंटपासून ९९.९९ डॉलरपर्यंत असल्याचं नमूद आहे. त्यातला एक तपशील फार बोलका आहे. पालकाने एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटं पुन्हा पासवर्ड विचारला जात नसे. आईने किंवा बाबांनी एका गोष्टीसाठी पासवर्ड टाकून फोन मुलाच्या हातात दिला, की पुढच्या पाव तासात मूल जे जे दाबेल त्याचे पैसे कार्डावर चढत. गूगलच्या बाबतीत ही मुदत ३० मिनिटांची होती.

जानेवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलने किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत करायचं कबूल केलं, सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने किमान १ कोटी ९० लाख. अ‍ॅमेझॉन कोर्टात लढलं आणि २०१६ साली हरलं. कुणी म्हणेल, हा पासवर्डचा दोष झाला, पाटीचा कसा? पण पालकाने फोन हातात दिला तो पाटीवर विसंबून. खेळ फुकट आहे असं वाचल्यावर कार्डावर लक्ष ठेवायचं कुणाच्या मनात येईल?

शून्य दिसलं की हिशेब थांबतो

माणसं 'मोफत' या पाटीवर इतकी का विसंबतात, याचा एक सुरेख प्रयोग आहे. क्रिस्टिना शँपॅनिए, नीना मझार आणि डॅन अरायली यांनी तो २००७ साली प्रसिद्ध केला. समोर दोन चॉकलेटं: एक लिंटचं भारी ट्रफल १५ सेंटला, दुसरं हर्शीचं साधं 'किस' १ सेंटला. घेणाऱ्यांपैकी सुमारे ७३ टक्के लोकांनी ट्रफल घेतलं. मग दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवली. ट्रफल १४ सेंट, 'किस' फुकट. दोन्हींमधला फरक तोच, १४ सेंटचा. हिशेबाने काहीच बदलायला नको होतं. पण आता सुमारे ६९ टक्के लोकांनी फुकटचं 'किस' उचललं.

एका सेंटला घेतानाही आपण मनात तोलतो: एवढ्याला हे परवडतं का, दुसरं चांगलं नाही का? शून्याला तोलणं थांबतं, कारण गमावण्यासारखं काही नाही असं वाटतं. ज्या पाटीमुळे माणूस विचार करायचा थांबतो, ती लावणाऱ्यावर खरं बोलण्याची जबाबदारी इतर कुठल्याही पाटीपेक्षा जास्त असते. माझं या विषयातलं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचं सगळं त्याच्याच अनुषंगाने.

युरोपने शब्द काढायला लावला

मार्च २०१३ मध्ये अ‍ॅपलने आत खरेदी असलेल्या अ‍ॅप्सच्या पानावर तशी ओळ दाखवायला सुरुवात केली. युरोपला तेवढं पुरेसं वाटलं नाही. जुलै २०१४ मध्ये युरोपियन कमिशनने जाहीर केलं की ज्या खेळांच्या आत खरेदी आहे त्यांच्यासाठी 'फ्री' हा शब्द न वापरायचं गूगलने मान्य केलं आहे. फुकट म्हणून जाहिरात केलेल्या खेळाने खऱ्या खर्चाबद्दल ग्राहकाची दिशाभूल करू नये, मुलांना थेट 'विकत घ्या' म्हणून चिथवू नये, आणि ग्राहकाने स्पष्ट होकार दिल्याशिवाय पैसे वळते होऊ नयेत, अशा त्या मागण्या होत्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये अ‍ॅपलच्या दुकानातल्या बटणावरचं 'फ्री' गेलं आणि त्या जागी 'गेट', म्हणजे 'मिळवा', आलं. आजही तेच आहे.

हा बदल मला अर्धाच पटतो. 'फ्री' ही पाटी खोटी पडत होती, ती काढली हे बरोबर. पण ती सरसकट सगळ्यांचीच काढली. विकिपीडियाच्या अ‍ॅपमध्ये जाहिराती नाहीत, आत काही विकत घ्यायचंही नाही. लहान मुलांसाठी केडीई या स्वयंसेवकांच्या गटाने बनवलेलं जीकॉम्प्रिस घ्या: आकडे, अक्षरं, कोडी, भूगोल असं बरंच काही त्यात आहे, आणि सगळंच्या सगळं मोफत. अशा अ‍ॅपवर आणि दर तीन मिनिटांनी हिरे विकणाऱ्या खेळावर आता एकच बटण दिसतं. लबाडाची पाटी काढताना प्रामाणिक माणसाचीही गेली. राहिली ती बटणाखालची किंवा बाजूची आत खरेदी असल्याची बारीक ओळ, आणि प्रामाणिक अ‍ॅपच्या बाबतीत त्या ओळीचं नसणं. जे लिहिलेलंच नाही ते वाचायची सवय आपल्यापैकी कितीजणांना असते?

मायक्रोसॉफ्टने आपल्या दुकानात वेगळा मार्ग काढला होता. निव्वळ फुकट असेल तिथे 'फ्री', आणि आत खरेदी असेल तिथे 'फ्री'च्या पुढे छोटं अधिकचिन्ह, सोबत आत खरेदी असल्याची ओळ. चिन्ह इवलंसं असलं तरी दोन प्रकार दोन आहेत हे तरी ते मान्य करत होतं.

पाटीच्या मागचं यंत्र

आता जरा आत डोकावू. दुकानाच्या संगणकात प्रत्येक अ‍ॅपची एक नोंद असते आणि त्यात किमतीचा एक रकाना असतो. वरवर पाहता नियम सोपा: रकान्यात शून्य असेल तर 'मोफत' दाखवा, नाहीतर रक्कम. पण रकाना रिकामा असेल तर? रिकामा म्हणजे शून्य नव्हे. रिकामा म्हणजे किंमत माहीत नाही, किंवा या देशात हे अ‍ॅप विकायलाच नाही, किंवा इंटरनेट मंद असल्याने आकडा अजून आलेला नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने या दोन गोष्टी एकच धरल्या, की आठशे रुपयांचं अ‍ॅप क्षणभर 'मोफत' दिसतं आणि लगेच किंमत उगवते. घाईत बोट टेकवणाऱ्याला ते महागात पडू शकतं. म्हणून चांगला शिरस्ता असा: आकडा हाती येईपर्यंत ती जागा कोरी ठेवायची आणि बटण दाबता येऊ द्यायचं नाही.

दुसरी भानगड शून्य लिहिण्याची. संगणक रकमेला देशाप्रमाणे चलनाचं रूप देतो, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही तर पाटीवर '₹०.००' असं येतं. ते चूक नाही, पण वाचणारा थबकतो. काही बिघडलंय का, की नंतर बिल येणार आहे? शून्यासाठी वेगळा शब्द ठेवावाच लागतो.

तिसरी गोष्ट फारशी लक्षात येत नाही, पण ती मोठी आहे. पाटी अ‍ॅपची नसते, ती अ‍ॅप आणि तुम्ही यांच्या नात्याची असते. एकच अ‍ॅप माझ्या शेजाऱ्याला अडीचशे रुपयांना दिसेल आणि मला बटणावर फक्त 'इन्स्टॉल' दिसेल, कारण मी ते दोन वर्षांपूर्वी घेतलं होतं आणि मधल्या काळात काढून टाकलं. अ‍ॅपल यासाठी ढगाचं चिन्ह दाखवतं: हे तुमचंच आहे, परत उतरवून घ्या. फोनमध्ये अ‍ॅप असेल तर 'उघडा' येतं. म्हणजे त्या एका बटणाला तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: किती पैसे, माझ्याकडे आहे का, आणि दाबल्यावर काय होईल. आपल्याला कधीकधी गोंधळल्यासारखं होतं ते तिन्ही उत्तरं एकाच शब्दात कोंबल्यामुळे.

डोळ्यांनी न दिसणाऱ्यांना हा गोंधळ जास्त सोसावा लागतो. फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, पण यादीतून बोट फिरवताना कानावर नुसतं 'गेट… गेट… गेट' पडलं तर कशाचं गेट, आणि केवढ्याला? बटणाला ऐकू येणारं पूर्ण नाव जोडता येतं: अ‍ॅपचं नाव, किंमत, आत खरेदी आहे की नाही, आणि मग क्रिया. पडद्यावर जागा कमी असली तरी कानासाठी ती कमी नसते, त्यामुळे इथे कंजूषी करायला कारणच नाही.

गूगलचा एक नियमही इथे कळायला हवा. प्ले स्टोअरवर एखादं अ‍ॅप एकदा मोफत म्हणून दिलं, की तेच अ‍ॅप पुढे विकतचं करता येत नाही; नवं अ‍ॅप म्हणून नव्याने टाकावं लागतं. जुन्या वापरणाऱ्यांसाठी हे चांगलंच आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की पुढे पैसे मिळवायचे तर बनवणाऱ्याला ते आतूनच मिळवावे लागतात: वर्गणी, जाहिराती, जादा सोयी. दारावरची पाटी शून्यावर गोठलेली आणि हिशेब आतल्या खोलीत, असं चित्र तयार होण्यात या नियमाचाही वाटा आहे.

जिथे सगळंच मोफत

लिनक्स ही कुणालाही मोफत वापरता आणि बदलता येणारी संगणकप्रणाली. तिच्या जगात प्रश्न उलटा होतो. उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकाराचं सॉफ्टवेअर सेंटर, म्हणजे त्याचं दुकान, २००९ साली आलं, तेव्हा त्यातलं सगळंच मोफत होतं. विकतची सॉफ्टवेअर वर्षभराने, १०.१० या आवृत्तीत आली, तीही मोजकी. तिथे अ‍ॅपच्या पानावर एक आडवी पट्टी असे. डाव्या टोकाला किंमत, म्हणजे बहुतेक वेळा 'फ्री', आणि उजव्या टोकाला 'इन्स्टॉल'चं बटण. किंमत एकीकडे, क्रिया दुसरीकडे. मला हीच मांडणी सगळ्यात स्वच्छ वाटते.

पण ही पट्टी पानावर शोभते, यादीत नाही. हजारो अ‍ॅप्सच्या यादीत ओळीमागून ओळ 'मोफत, मोफत, मोफत' असं येऊ लागलं की त्यातून काहीच कळत नाही, उलट कामाच्या गोष्टी झाकल्या जातात. पाटी फरक दाखवण्यासाठी असते. फरकच नसेल तर दुकानाच्या दारावर एकदा सांगावं आणि यादी मोकळी ठेवावी.

एफ-ड्रॉइड हे अँड्रॉइडवरचं मुक्त सॉफ्टवेअरचं, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरचं, दुकान नेमकं हेच करतं, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं. तिथे सगळंच मोफत, त्यामुळे किमतीची पाटीच नाही. वाचलेली जागा वेगळ्या इशाऱ्यांसाठी वापरली जाते: या अ‍ॅपमध्ये जाहिराती आहेत, हे तुमच्या वापरावर नजर ठेवतं, याला चालायला मुक्त नसलेली सेवा लागते. पैशाखेरीज तुम्ही जे मोजणार आहात ते तिथे लिहिलेलं असतं. मोठ्या दुकानांना हे उशिरा सुचलं. कुठली माहिती गोळा होते याचं लेबल अ‍ॅपलने डिसेंबर २०२० मध्ये आणलं, गूगलने २०२२ मध्ये. दोन्ही ठिकाणी ते पानावर बरंच खाली असतं, आणि त्यातला मजकूर अ‍ॅप बनवणाऱ्यानेच भरलेला असतो.

एलिमेंटरी या लिनक्सच्या अ‍ॅप सेंटरने आणखी वेगळी वाट धरली: परवडेल ते द्या. बनवणारा एक रक्कम सुचवतो, ती बटणावर दिसते, पण तुम्ही ती बदलून अगदी शून्यही करू शकता. इथे पाटी किंमत सांगत नाही, विनंती करते.

आणि एकाच सॉफ्टवेअरला दोन पाट्या लागू शकतात. चित्रं काढायचं क्रिता त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत मिळतं, तेच मायक्रोसॉफ्टच्या दुकानात आणि स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात पैसे देऊन घ्यावं लागतं. तो पैसा क्रिताच्या कामाला जातो, त्यामुळे यात फसवणूक नाही. पण 'हे सॉफ्टवेअर मोफत आहे का' या प्रश्नाचं उत्तर कुठल्या दुकानात विचारता यावर ठरतं, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आपल्याकडचे नियम

बिस्किटाच्या पुड्यावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, दुकानदार वर एक रुपया मागू शकत नाही, याची आपल्याला लहानपणापासून सवय आहे. अ‍ॅपच्या दुकानात किमतीबद्दलची तशी खात्री देणारे नियम हळूहळू येत आहेत.

जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 'मोफत'ची वेगळी दखल आहे: जाहिरातीला प्रतिसाद देण्याचा आणि वस्तू घरी आणण्याचा टाळता न येणारा खर्च सोडून ग्राहकाला आणखी काही मोजावं लागणार असेल, तर त्या गोष्टीला मोफत म्हणता येत नाही. त्यानंतर ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विषयीची तत्त्वं आली. ग्राहकाला चकवणाऱ्या १३ प्रकारच्या रचना त्यात नोंदवल्या आहेत. त्यातला एक प्रकार 'ड्रिप प्रायसिंग', म्हणजे किंमत थेंबाथेंबाने उघड करणं. पुढे वापरत राहायला अ‍ॅपमध्ये खरेदी करावी लागते हे नीट न सांगता एखादी सेवा मोफत म्हणून खपवणं, हे त्यात स्पष्टपणे धरलं आहे. सोबतचं उदाहरणही नेमकं आहे: 'मोफत बुद्धिबळ खेळा' म्हणून जाहिरात केलेलं अ‍ॅप सात दिवसांनी पैसे मागतं, आणि मोफत खेळ ठरावीक मुदतीपुरता आहे हे आधी कुठेच सांगितलेलं नसतं.

म्हणजे मोफत चाचणी देणं गैर नाही, ती मुदतीची आहे हे लपवणं गैर. पाटीवर 'मोफत' ऐवजी '७ दिवस मोफत, मग महिन्याला इतके रुपये' असं आलं तर तक्रार उरत नाही. फोनच्या पडद्यावर एवढ्या मजकुराला जागा सहज होते. होत नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याला ते दाखवायचं नाही, असंच मी समजेन.

मला विचाराल तर मिश्र दुकानात तीन पाट्या हव्यात: पूर्ण मोफत, मोफत पण आत खरेदी, आणि रक्कम. पहिली पाटी कमवावी लागेल अशी: जाहिरात नाही, खरेदी नाही, मुदत नाही. दुसरीसोबत आतल्या वस्तूंची कमीत कमी आणि जास्तीत जास्त किंमत त्याच ठिकाणी, त्याच आकाराच्या अक्षरांत. आज ही माहिती दुकानांकडे आहे. प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या वर्णनावर टिचकी मारून अगदी तळाशी गेलं की प्रत्येक वस्तूमागे किती ते किती रुपये, हे लिहिलेलं सापडतं. अ‍ॅपलच्या पानावर तळाच्या माहितीत आतल्या खरेदीची ओळ उघडली की वस्तूंची नावं आणि किमती दिसतात. हा मजकूर फक्त वर आणायचा आहे.

तोवर अ‍ॅप उतरवण्याआधी तळापर्यंत जाऊन तो आकडा बघत चला, विशेषतः फोन मुलांच्या हातात जाणार असेल तर. दर खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय दोन्ही दुकानांच्या सेटिंगमध्ये आहे, ती चालू करून ठेवा. मोफत चाचणीसाठी कार्ड किंवा यूपीआयची आपोआप पैसे भरण्याची परवानगी दिली असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. ती वाचा, आणि नको असेल तर तेव्हाच थांबवा. नुसतं अ‍ॅप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडे आपल्या चित्रावर टिचकी मारून पेमेंट आणि सदस्यत्वांच्या यादीत जावं लागतं, आयफोनवर सेटिंगमध्ये आपल्या नावाखाली. चालू असलेल्या सगळ्या वर्गण्या तिथे एका जागी दिसतात आणि तिथूनच बंद करता येतात.